दीड मीटरपर्यंत तुमचं

घर बांधणारा माणूस पायापासून गच्चीपर्यंत प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते हे मुकाट्याने सोसतो. त्याचं डोकं फिरतं ते कंपाउंडच्या भिंतीपाशी. जमीन माझी, विटा माझ्या, मग उंची सरकारची का? २०१६ची राष्ट्रीय इमारत संहिता शांतपणे सांगते की खास परवानगी नसेल तर भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून जास्तीत जास्त १.५ मीटर उंच. २.४ मीटरपर्यंत जायचंच असेल तर वरचा ०.९ मीटर भाग उघड्या जाळीचा हवा. कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणापाशी दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच, म्हणजे जेमतेम अडीच फूट. आपल्या गावची नियमावली मात्र गवंड्याला बोलावण्याआधी वेगळी वाचावी, कारण गवंड्याला ‘सगळे असंच बांधतात’ हे एकच कलम पाठ असतं.

या आकड्यांत मला सरकारी खोडी दिसत नाही, उलट माणसांची चांगली पारख दिसते. दीड मीटर म्हणजे सुमारे पाच फूट; बेताच्या उंचीच्या माणसाचे डोळे साधारण तिथेच असतात. हद्द खुशाल दाखवा, पण येणाऱ्याजाणाऱ्याला तुमच्या अंगणात काय वाळत घातलंय हे टाचा उंचावून पाहू द्या, एवढंच संहितेचं म्हणणं. कोपऱ्यावर ती आणखी कडक होते, कारण वळणावरून येणारा स्कूटरवाला हॉर्न वाजवेलच यावर तिचा विश्वास नाही.

चोरांचं काय, असं लगेच विचारलं जातं. आठ फुटी भरीव भिंत चोराला अडवते ती चढेपर्यंत. एकदा आत उतरला की तीच त्याची राखण करते. कडीकोयंडा उचकटणारा माणूस जाळीतून दिसतो, आणि समोरच्या बाल्कनीतल्या निवृत्त काकांना पगार नको असतो, फक्त पाहायला काहीतरी हवं असतं. खाजगीपणाचा आक्षेप याहून वजनदार आहे, हे मान्य. पण त्यासाठी वीट कशाला? भिंतीच्या आतून मेंदी लावावी, ती वाढेपर्यंत चहा घरात प्यावा. तरीही डोक्यावरून जाणारी भरीव भिंतच हवी असेल, तर एक तपशील ध्यानात असू द्यावा. शाळा-रुग्णालयांनाही संहिता २.४ मीटरवर थांबवते. या अटी मुळीच लागू नाहीत त्या तुरुंगाच्या भिंतीला.

नियमात खरी गोम आहे ती मोजमापाची. उंची रस्त्याच्या मध्यापासून धरायची, आणि आपल्याकडे रस्ता एका जागी थांबत नाही. जुनं डांबर न खरवडता दर निवडणुकीआधी नवा थर पडतो, रस्ता वर येतो आणि भिंत कागदोपत्री तेवढीच खुजी होते. आज बेकायदा असलेली भिंत अशी नुसत्या धीराने कायदेशीर होऊ शकते. अट एवढीच, की तोवर दर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी फाटकाखालून सरळ दिवाणखान्यात येणार, आणि ते अडवायला संहितेत कलम शोधत बसण्यापेक्षा सोफा वर उचललेला बरा.