स्टिअरिकभाऊ

भाऊंना मेणबत्ती, दाढीचा साबण, स्कूटरचा टायर आणि चॉकलेट यांत फारसा फरक दिसत नाही. चारही ठिकाणी त्यांचं स्टिअरिक आम्ल जाऊन बसलेलं असतं. साबणाच्या कारखान्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या केमिस्टांची ही एक जातच आहे. पेन्शन सुरू होते, ड्यूटी संपत नाही.

वाण्याकडे ही मंडळी किंमत बघत नाहीत, पाकिटामागची बारीक अक्षरं वाचतात. चष्मा कपाळावर, पाकीट नाकाला. "हं, आहे," म्हणून भाऊ ते समाधानाने परत फळीवर ठेवतात. विकत घेत नाहीत.

स्टिअरिक म्हणजे अठरा कार्बनची सरळ साखळी, एकही दुहेरी बंध नाही, म्हणजेच संतृप्त. त्यामुळे रेणू दाटीवाटीने एकमेकांना खेटून बसतात आणि ६९ अंशांपर्यंत वितळायचं नाव काढत नाहीत. ओलिइक आम्लातही कार्बन अठराच, पण मधोमध एक दुहेरी बंध. तिथे साखळी वाकते, रांग मोडते आणि १३-१४ अंशांनाच सगळं पातळ! भाऊ हे लग्नाच्या पंगतीत, वरणावरचं तूप दाखवून सांगतात. तोवर वरण गार होतं, तूप थिजतं आणि मुद्दा आपोआप सिद्ध होतो.

माणसंही ते याच मापाने मोजतात. "जावई संतृप्त आहे" ही त्यांच्याकडची सर्वोच्च पदवी. दुहेरी बंधावर हवेतला ऑक्सिजन तुटून पडतो आणि तेल खवट होतं, म्हणून सोसायटीच्या चेअरमनबद्दल त्यांचं मत असं, की "त्याच्यात दोन-तीन दुहेरी बंध आहेत. निवडून आला, हवा लागली, झाला खवट."

घरी बोअरचं पाणी. साबणातलं स्टिअरेट सोडिअमला सोडून पाण्यातल्या कॅल्शिअमच्या गळ्यात पडतं आणि बादलीला पांढरट चिकट थर धरतो. वहिनी तो लिंबाच्या सालीने घासत असतात. भाऊ दारात उभे. "लिंबामुळे आम्ल पुन्हा मोकळं होतंय बरं का!" बादलीला हात लावल्याचं मात्र कोणी पाहिलेलं नाही.

त्यांचं दैवत म्हणजे फ्रान्सचे मिशेल शेव्रल. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि स्टिअरिकसारखी मेदाम्लं यांचा संसार, हे या माणसाने उलगडून दाखवलं. १८२५ मध्ये गे-ल्युसॅकबरोबर मेदाम्लांच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. चरबीच्या धुरकट, घाण वासाच्या मेणबत्त्यांना चांगला पर्याय मिळाला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचं नाव आहे. भाऊ पॅरिसच्या सहलीत टॉवरवर चढलेच नाहीत, खाली मान वर करून नाव शोधत राहिले. बस त्यांच्यासाठी थांबली होती. सहप्रवाशांनी शेव्रलविषयी जे उद्गार काढले, ते इथे देता येत नाहीत. शेव्रल १०२ वर्षं जगले, हेही भाऊ आवर्जून सांगतात आणि त्याचं श्रेय कशाला जावं हे ऐकणाऱ्यावर सोडतात.

परवा भाऊंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "संतृप्त चरबी कमी करा."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "कुठली? पामिटिक म्हणा, मान्य. लॉरिक म्हणा, मान्य. पण स्टिअरिकने एलडीएल तसं वाढत नाही, डॉक्टर. शरीर त्यातल्या काहीचं ओलिइक करून टाकतं."

हे खरं आहे, हीच तर अडचण. अशी माणसं साफ चुकीची असती तर त्यांना गप्प करणं सोपं होतं.

"बरं, तुम्ही रोज खाता काय?"

"फरसाण," वहिनी म्हणाल्या.

फरसाण पामतेलात तळलेलं. त्यात स्टिअरिक जेमतेम चार-पाच टक्के, पामिटिक चाळिसाच्या आसपास. आकडे भाऊंना पाठ होते. त्यांनी टेबलावरची गोळ्यांची एक पट्टी उचलली. "डॉक्टर, गोळी दाबताना साच्याला का चिकटत नाही, सांगा बघू? मॅग्नेशिअम स्टिअरेट!"

बाहेर दहा-बारा पेशंट ताटकळत होते.