मोरपंखी, डाळिंबी, हळदी

"हा डाळिंबी जरा भडक होतोय का रे?"

कँटीनमध्ये माझ्या ताटाला खेटून लॅपटॉप ठेवत त्यानं विचारलं. माझा पाव मिसळीत बुडाला होता. स्क्रीनवर सव्वीस ओळी काळ्या, आणि एक तेवढी नटलेली.

आमच्या टीममधला हा प्राणी व्हिमभक्त. ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवलेला हा एडिटर. त्यात इन्सर्ट मोडमध्ये असलात तर अक्षरं उमटतात, आणि नॉर्मलमध्ये असलात तर तीच अक्षरं हुकूम होतात. दोनदा 'डी' दाबलं की अख्खी ओळ गायब. याची एकदा गेली. 'यू' दाबल्यावर परतही आली, पण धसका काही गेला नाही. तेव्हापासून कर्सर ज्या ओळीवर असेल तिचा रंग मोडप्रमाणे बदलायचा, हे त्याचं जीवितकार्य. नॉर्मल मोरपंखी, इन्सर्ट डाळिंबी, व्हिज्युअल हळदी. रंगांची ही नावं लक्ष्मी रोडची. बहिणीच्या बस्त्याला चार तास गादीवर बसवल्याचं त्यानं असं सार्थक केलं. मेहुण्याच्या सूटचा रंग विचारा, आठवणार नाही.

बरं, रंग ठरले म्हणून संपलं नाही. थीम बदलली की सगळे धुऊन जायचे. ते सावरलं, तर एक दिवस नॉर्मलमध्ये येऊनही ओळ डाळिंबीच! दोन शनिवार गेले. बायको नाटकाला एकटी जाऊन आली. शेवटी चोर सापडला: एस्केपऐवजी कंट्रोल-सी दाबून बाहेर पडलं, तर 'इन्सर्ट सोडला' ही वर्दीच व्हिम देत नाही. मग रंग बदलणार कसा? तोडगा एका ओळीचा निघाला, कंट्रोल-सी दाबलं तरी एस्केपच समज. ती ओळ त्यानं मला मुंज ठरल्यासारखी फोन करून सांगितली.

मुख्य म्हणजे या सगळ्यात त्याचं कामही होतं. चांगलं होतं. मला तेच खुपतं.

परवा त्याच्या शेजारी बसून एक चूक शोधत होतो. त्यानं एक शब्द दुरुस्त केला आणि एस्केप दाबलं. ओळ डाळिंबीची मोरपंखी झाली; मला दिसली, त्यालाही दिसली. त्यानं पुन्हा एस्केप दाबलं. मग आणखी दोनदा.

"अरे, झाली ना मोरपंखी?"

"हो, पण असू दे."