खिळा ठोकण्यास सक्त मनाई

आमचे एक स्नेही पुण्यात कोथरूड भागी एका सदनिकेचे मालक आहेत, आणि मालकपणाचे व्रत ते ज्या निष्ठेने आचरतात ती पाहता पूर्वजन्मी ते एखाद्या लहानशा संस्थानाचे अधिपती असावेत व त्या जन्मीची काही फर्माने काढावयाची राहून गेली असावीत, असा आम्हांस दाट संशय आहे. त्यांच्या घरात जो राहतो तो कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हेच. तो अकरा महिन्यांचा परवानाधारक. त्या परवान्याचा दस्तऐवज रीतसर नोंदविला जातो, पोलीस चौकीत वर्दी जाते, आणि त्यातील एकोणतीस शर्ती स्नेह्यांनी स्वहस्ते रचिलेल्या आहेत : मांसमत्स्य शिजवू नये, रात्री दहानंतर पाहुणा थांबवू नये, जिन्यात पादत्राणे ठेवू नयेत, आणि सर्वांत ठळक अक्षरांत, भिंतीस खिळा ठोकू नये. एका परवानाधारकाने दिनदर्शिका अडकविण्यासाठी एक बारीक चूक ठोकली, तेव्हा त्या चुकीबद्दल त्याच्या अनामतीतून दोन हजार रुपये वजा झाले होते.

तेच हे स्नेही गेल्या वर्षी आपल्या मोटारींच्या कारखान्याच्या हुकुमाने सहकुटुंब जर्मनीतील स्टुटगार्ट नगरीस रवाना झाले. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून एकमेकींची भगिनीनगरे आहेत असे त्यांच्या वाचनात आले होते, आणि मावशीच्या गावी गेलेल्या माणसास कोणी दाराशी तिष्ठत ठेवीत नाही अशी त्यांची भाबडी समजूत होती. पहिले घर पाहावयास ते गेले तेव्हा दारापासून रस्त्यापर्यंत उमेदवारांची रांग होती आणि प्रत्येकाच्या काखेत कागदपत्रांची एक जाड फाईल होती. निम्म्याहून अधिक लोक जेथे भाड्याच्या घरांत राहतात त्या देशात भाडेकरू होणे ही एक परीक्षा असून तिला तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, नोकरीचा करार, पारपत्राची नक्कल आणि ‘शूफा’चा दाखला इतके साहित्य लागते. ही शूफा नामक संस्था १९२७ पासून जर्मन लोकांच्या पतीचा हिशेब ठेवीत आली आहे; मात्र काल विमानातून उतरलेल्या मनुष्याविषयी तिच्या दप्तरी अक्षरही नसते, आणि ज्याच्याविषयी अक्षर नाही त्यास घर कोण देणार? शिवाय पूर्वीच्या मालकाचे भाडे थकलेले नाही असा त्या मालकाचा लेखी निर्वाळाही हवा, ज्याचे नाव ‘मीटशुल्डनफ्रायहाइट्सबेशायनिगुंग’ असे आहे. एवढा समास करण्यापूर्वी बाणभट्टानेही एकदा श्वास घेतला असता. स्नेह्यांच्या घराण्यातील शेवटचे भाडेकरू म्हणजे त्यांचे आजोबा. ते गिरगावातील चाळीत पागडीने राहिले आणि १९४७च्या मुंबई भाडे कायद्याच्या छत्राखाली जुन्या भाड्यातच कृतार्थ झाले. त्या चाळमालकाचे वारस आजोबांविषयी लेखी काय देतील याची पूर्ण कल्पना असल्यामुळे तो मार्ग सोडून द्यावा लागला.

अखेर कारखान्याच्या हमीपत्रावर एका वृद्ध घरमालकीणबाई राजी झाल्या. त्यांनी भाडे दोन प्रकारचे सांगितले, एक थंड आणि एक ऊबदार. थंड भाडे म्हणजे केवळ भिंतींचे. त्यात पाणी, तापकनळ्या, केरकचरा, जिन्यातील दिवा यांचा आकार मिळविला की ते ऊबदार होते, आणि एवढी ऊब देऊनही घरातील विजेचे देयक निराळेच राहते. थंड भाड्याच्या तिप्पट रक्कम अनामत. हे सारे कबूल करून स्नेही सहकुटुंब गृहप्रवेशास गेले, आणि स्वयंपाकघराच्या दारात कलश हाती घेतलेल्या वहिनी जागच्या जागी थिजल्या. कारण आत स्वयंपाकघर नव्हते. एक नळाचे तोंड आणि भिंतीतून डोकावणाऱ्या चार तारा, इतकेच त्या खोलीचे वैभव होते. जर्मन भाडेकरू घर सोडताना ओटा, कपाटे, शेगडी, मोरी, पुष्कळदा छताचे दिवेसुद्धा उचलून नेतो. आपल्याकडे माणूस देह ठेवून जातो आणि भांडीकुंडी मागे राहतात, तेथे नेमके उलटे. ते कुटुंब तीन आठवडे विजेच्या किटलीत शेवया शिजवून जगले.

घराचा ताबा देताना बाईंनी जो पंचनामा केला त्याविषयी स्नेही आजही आदराने बोलतात, कारण भिंतीवरील ओरखडे मोजण्यात आपला हात धरणारा कोणी भूतलावर असेल असे त्यांस तोवर वाटले नव्हते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या मुदतीत नगरपालिकेत वास्तव्याची नोंद केली. नोंद होते न होते तोच घरटी दरमहा १८.३६ युरो नभोवाणी-दूरचित्रवाणी वर्गणीचा तगादा आला, घरात संच असो वा नसो. बाकी टपाल मात्र महिनाभर आलेच नाही. तेथे सदनिकांना क्रमांक नसतात. घंटेवर आणि टपालपेटीवर ज्याचे आडनाव त्याचेच पत्र, हे ठाऊक नसल्याने स्नेह्यांनी सर्वत्र ‘सदनिका क्रमांक ७’ असा पत्ता कळविला होता.

परंतु या साऱ्याहून थोर अशी संस्था म्हणजे ‘केरवोखे’. स्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रांताचे मुख्य नगर आहे तेथील ही कुलदेवता. शब्द कानी पडताच त्यातील ‘केर’ ओळखीचा वाटून वहिनींना भरून आले, आणि योगायोग असा की अर्थही तोच : केर काढण्याचा आठवडा. येथील नगरनियमांत १४९२ सालीच प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्यास बाहेर नेऊन टाकावी असे फर्मान होते. कोलंबस हिंदुस्थान शोधण्यास निघाला त्या वर्षी हे लोक खराटा शोधीत होते. आजही जिन्यातील बिऱ्हाडांपैकी ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर शेजारी एक पाटी अडकवून जातो, आणि ती पाटी लटकली की इंजिनिअर असो वा प्राध्यापक, त्याने आठवडाभर जिना झाडावा, पुसावा, आणि पाळी मोठी असेल तर तळघर व दारापुढील पदपथही झाडावा. कोथरूडात झाडूवाल्या बाईस दिवाळीची पोस्त देताना सोसायटीच्या सभेत दीड तास भाषण करणारे आमचे स्नेही शनिवारी सकाळी गुडघ्यांवर बसून पायऱ्या पुसू लागले. वरच्या मजल्यावरील आजीबाई कठड्यावरून वाकून पाहत आणि तिसऱ्या पायरीचा कोपरा राहिला असल्याचे बोटाने दर्शवीत. बर्फ पडले त्या आठवड्यात पाटी त्यांच्याच दारी होती. आम्हांस तो प्रसंग सविस्तर वर्णावासा वाटतो, पण मैत्री टिकविणेही इष्ट आहे.

मग हिंगाचे प्रकरण झाले. रविवार हा शांततेचा दिवस, त्यामुळे मिक्सर बंद. कुकरच्या शिट्ट्या दोनवर आल्या. एवढे करूनही आमटीला फोडणी पडली आणि दारात मालकीणबाई उभ्या राहिल्या. दुर्गंधीविषयी त्या अत्यंत सौजन्याने बोलल्या, आणि करारातील एका कलमाकडे त्यांनी लक्ष वेधले, की भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून दिवसातून दोन-तीनदा सर्व खिडक्या सताड उघडून घरास वारा द्यावा, हिवाळ्यातसुद्धा. मांसमत्स्याच्या वासावरून ज्यांनी दोन परवानाधारकांस वाटेला लाविले होते, ते शून्याखालच्या थंडीत कानटोपी घालून उघड्या खिडकीशी डाळ घोटीत बसले.

तथापि या देशाने त्यांस एक अपूर्व गोष्टही दिली. आपला करार बेमुदत आहे. मालकास घर स्वतःच्या वापरासाठी हवे असण्यासारखे सबळ कारण दाखविल्यावाचून तो आपणांस काढू शकत नाही. काढावयाचेच तर तीन ते नऊ महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. आणि भाडेवाढ तीन वर्षांत वीस टक्क्यांवर, टंचाईच्या शहरांत पंधरा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, हे भाडेकरू संघात वर्गणी भरल्यावर त्यांस कळले. भिंतीस माफक खिळे ठोकणे हा तर भाडेकरूचा साधा हक्क. त्याच संध्याकाळी त्यांनी गणपतीच्या तसबिरीसाठी एक दणकट खिळा ठोकला.

“अहो, त्या कॅलेंडरवाल्या मुलाचे दोन हजार परत करायचे का आता?” वहिनींनी विचारले.

स्नेह्यांस तेव्हा बरे ऐकू आले नाही. हिवाळ्यात कान धरतात.

पुढे मालकीणबाईंनी भाडेवाढीची चिठ्ठी पाठविली तेव्हा त्यांनी संघाच्या वकिलाकडून कलमवार उत्तर तयार करविले, आणि त्याच मेजावर, त्याच लेखणीने, कोथरूडच्या परवानाधारकास कळविले की अकरा महिने संपत असून नवा परवाना दहा टक्के वाढीने मिळेल, आणि त्यात दोन नव्या शर्ती राहतील : दर शनिवारी जिना पुसणे, आणि दिवसातून तीनदा खिडक्या उघडून घरास वारा देणे.

आठ दिवसांनी उत्तर आले. जिना पुसण्यास हरकत नाही, असे त्या सभ्य तरुणाने लिहिले होते. खिडक्यांविषयी मात्र एक अडचण आहे. कबुतरांच्या त्रासामुळे आपणच त्या दोन वर्षांपूर्वी फळ्या मारून, खिळे ठोकून बंद केल्या आहेत. करारान्वये खिळा ठोकण्यास मनाई आहे हे आपण जाणतो, परंतु ठोकलेला खिळा काढण्याविषयी कोणतेही कलम आढळत नाही. तरी त्याबाबत लेखी परवानगी मिळावी, आणि खिळ्यांच्या जागी राहतील ती भोके कोणाच्या अनामतीतून वजा होणार तेही कृपया कळवावे.