वय वाढवून मिळेल

मोडनिंबला पहिलीच्या प्रवेशासाठी जन्मदाखला मागतात. फेसबुकला नुसता शब्द पुरतो. किमान वय 13 ही अट पाळायची म्हणून तिसरीतला विद्यार्थी थेट बापाच्याच वर्षी, 1990 साली जन्म घेतो. तारीख टाकून द्यायला बाप असतोच. कायद्याचा केवढा हा आदर!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने 2022 मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवायला लावले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती नाकारली. नसता खटाटोप!

त्यापेक्षा फेसबुकवरचे हेच वय सगळीकडे ग्राह्य धरावे. तिसरीच्या वर्गाला मतदानाचा हक्क, ट्रॅक्टरचा परवाना, सोसायटीचे पीककर्ज मिळावे. स्थळे बघायलाही हरकत नसावी.

हरकत निघते ती एसटीत. "अर्धंच फाडा," बाप कंडक्टरला सांगतो, "लहान हाय अजून."