सोवळ्यातला फर्नेस

एडिसनच्या आमच्या घरात नवा फर्नेस बसवला आणि त्याच हिवाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पाडायला काढली. हा क्रम कोणाचा, ते विचारू नका. बायको विचारून थकली.

ज्या घरात रिमोट मेला तरी त्याचं प्लास्टिक निघत नसे, अशा घरात मी वाढलो. न्यू जर्सीत आलो म्हणून रक्त थोडंच बदलतं? ड्रायवॉल घासली की जिप्समचा आणि लांबीचा बारीक भुगा उडतो. फर्नेस पंख्यानं घरातली हवा रिटर्न व्हेंटमधून ओढतो, तापवतो आणि खोल्याखोल्यांत सोडतो, हवेबरोबर भुगाही. म्हणून काम चालू असेल त्या खोलीचे व्हेंट टेपने बंद करा, एवढंच कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता. मी निळी टेप घेऊन अख्खं घर फिरलो. फिल्टर आणला तोही दुकानातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याचा, मर्व्ह १३. मार्क जास्त ते पोरगं हुशार, हे आमच्याकडचं शास्त्र. शेवटी थर्मोस्टॅटवर सँडविचची झिपवाली पिशवी चढवली.

रात्री घर गारठलं. सांगलीहून आलेली आई शाल आणि कानटोपी घालून बसली. "अरे, आमच्याकडे हीटर नाही म्हणून थंडी वाजते. तुझ्याकडे कशानं वाजते?"

बेसमेंटात गेलो. फर्नेसच्या दारातल्या इवल्या काचेतून लाल दिवा लुकलुकत होता. त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला. दार काढलं की सुरक्षेचा स्विच वीज तोडतो, दिवा गप्प. दार लावलं की दिवा चालू, तक्ता आत. मग आईला काचेशी मोजायला बसवलं.

"चार... का पाच? मधे शिंक आली रे."

चारच होते. अर्थ निघाला: फर्नेस जास्त तापलाय! घर गारठलं होतं ते त्यामुळे. टेपा आणि दाट फिल्टर, हवेला यायला वाट नाही, जायला नाही. आतल्या आत भट्टी तापते आणि लिमिट स्विच ज्योत विझवतो.

मेकॅनिक तासावर पैसे घेत असल्यामुळे त्यानं टेपा अगदी निगुतीनं सोडवल्या. स्वयंपाकघराच्या तेवढ्या ठेवल्या. साधा फिल्टर बसवला, तो वरचेवर तपासायला सांगितला, आणि बजावलं, "घासकाम चालू असताना सिस्टिम पूर्ण बंद."

दुसऱ्या दिवशी घासकाम. मी पिशवीवरूनच चाचपून थर्मोस्टॅट बंद केला आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी परतलो तर स्वयंपाकघराला लावलेल्या पडद्याच्या फटीतून निसटलेला भुगा वरच्या मजल्यापर्यंत पोचलेला. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पांढरा, गाद्या पांढऱ्या, बायको रागानं लाल, पण वरून पांढरीच.

पिशवी काढून पाहिलं. हीट 'ऑफ'च होती. त्याखाली, प्लास्टिकच्या सुरकुतीआड, पंखा 'ऑन'. दिवसभर.

आईनं चष्मा पुसून थर्मोस्टॅट न्याहाळला. "हे एवढं मात्र छान जपलंयस बघ."