कामाची वेळ : सकाळी नऊ ते मूल उठेपर्यंत

घरून काम करायचे तर सर्वप्रथम जागा निवडावी. स्वतंत्र खोली, खिडकीतून येणारा उजेड, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि टेबलावर एखादे हिरवे रोपटे असावे, असे या विषयातले जाणकार सांगतात. ते पुण्यात वाकडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत नसावेत. तेथे एका खोलीत सासू-सासरे असतात. दुसऱ्या खोलीत नवरा असतो, कारण त्याचे कॉल महत्त्वाचे असतात. याबद्दल घरात कधी ठराव झालेला नसतो, मतदान तर नाहीच. एके दिवशी त्याचा लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली त्या खोलीत जाते आणि दार लागते. राहिला हॉल. हॉलमध्ये टीव्ही आहे, टीव्हीवर सासऱ्यांच्या बातम्या आहेत आणि बातम्यांत चार माणसे एकाच वेळी ओरडत आहेत. तेव्हा जेवणाच्या टेबलाची भिंतीकडची बाजू घ्यावी. रोपटे ठेवू नये. मूल माती खाते.

दाराविषयी थोडे सविस्तर. कधीतरी, मोठा साहेब कॉलवर येणार असेल तर, बेडरूम आपल्याला मिळते. अशा वेळी कडी लावावी आणि लगेच दाराखालच्या फटीकडे पाहावे. तीन वर्षांचे मूल दारावर फार वेळ धडका देत नाही. ते जमिनीवर पालथे पडते. आधी चार बोटे आत येतात. मग वस्तू येऊ लागतात : मेणाच्या खडूचा तुकडा, पोळीचा पापुद्रा, विजेचे बिल, आजोबांचे आधार कार्ड. प्रत्येक वस्तूबरोबर 'आई, घे' असे ऐकू येते. घ्यावी. घेतली की तीच वस्तू परत मागितली जाते, आणि ती त्या बोटांना पोचेल अशी सरकवण्यासाठी आपल्याला गुडघ्यांवर बसावे लागते. कॅमेरा चालू असल्यास साहेबाला रिकामी खुर्ची दिसते.

त्याच दारामागे नवरा असताना असे काही घडत नाही. 'बाबा मीटिंगमध्ये आहे, आत जायचं नाही' हे वाक्य घरातले सगळे कुजबुजत म्हणतात. 'आई मीटिंगमध्ये आहे' याला मात्र पुढे एक शेपूट असते : 'जा, तिला विचार.'

ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी 10 मार्च 2017 ची बीबीसीवरची मुलाखत पुन्हा पाहावी. दक्षिण कोरियातल्या बुसानहून प्रा. रॉबर्ट केली राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्या गच्छंतीवर बोलत होते. मागचे दार उघडले, पिवळ्या स्वेटरमधली मुलगी ठुमकत आत आली, तिच्यामागून वॉकरमधले बाळ गडगडत आले. एरवी आतून लावलेले दार त्या दिवशी लावायचे राहिले होते. जग हसले ते एवढ्यावरच. अभ्यासू वाचकाने तिसरे पात्र पाहावे. प्राध्यापकांची पत्नी घसरतच आत येते, दोन्ही मुलांना ओढून बाहेर नेते आणि शेवटी गुडघ्यांवर रांगत येऊन दार ओढून घेते. पुढे कित्येकजण तिला आयाच समजले. प्राध्यापक एक हात मागे करून मुलीला थोपवण्यापलीकडे जागचे हलले नाहीत. आत बसलेल्याचे काम कशामुळे अखंड चालते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

यानंतर हजेरी. आपण घरी असतो म्हणजे मोकळ्या असतो, हा समज आठवडाभरात सोसायटीत पसरतो. शेजारच्यांचे पार्सल आपल्याकडे, वरच्या मजल्यावरच्या गॅस सिलिंडरचा कोड आपल्याकडे, पाण्याची टाकी धुणारे आले की नाही हे पाहणेही आपल्याकडे. 'तू घरीच असतेस ना?' हा प्रश्न नव्हे, ती नेमणूक असते. नकार देताना 'मला काम आहे' असे म्हणू नये. त्यावर 'हो का, पण घरीच आहेस ना?' असे उत्तर येते. 'बाळ झोपलंय' म्हणावे. समोरचा तत्काळ आवाज खाली आणतो आणि चवड्यांवर परत जातो. ऑफिसच्या कामाला नसलेली प्रतिष्ठा बाळाच्या झोपेला आहे, तिचा फायदा घ्यावा.

तसाही आपला खरा कामाचा दिवस म्हणजे ती झोपच. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत आहे. त्यातली दुपारची वाटणी पदरात पाडून घ्यायची तर तयारी सकाळपासून लागते. कुकर नऊच्या आत लावून मोकळे व्हावे. जेवणाला गुरगुट्या भात, वर तूप आणि मेतकूट. मग पडदे, पंखा, आणि बाहेर दारावर पाटी : 'बाळ झोपले आहे, बेल वाजवू नये.' (पुण्यात कारण लिहिण्याची गरज नाही, दुसरा अर्धा भाग पुरतो.) पार्सलवाला पाटी वाचतो, तिचा मान राखतो आणि दारातूनच फोन करतो. फोन बाळाच्या उशाशी असतो, कारण त्यावर पावसाचा आवाज लावून बाळाला निजवलेले असते. यावर फोन मूक ठेवणे हा उपाय आहे. भंगारवाल्याच्या भोंग्यावर उपाय नाही.

मूल झोपले की सर्वांत अवघड काम आधी काढावे, असे सगळी पुस्तके सांगतात. अनुभवी आई त्या वेळी गार झालेला चहा घेऊन पाच मिनिटे भिंतीकडे बघत बसते. तेही कामच धरावे.

आता मोबाइल. आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाने पडद्यासमोर दिवसाला फार तर एक तास बसावे, कमी तेवढे चांगले. वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. हा तास ज्यांनी ठरवला त्यांच्याशी वाद घालू नये, तासाचे अंदाजपत्रक करावे. सकाळच्या टीम कॉलला दहा मिनिटे खर्ची घालावीत, संध्याकाळच्या क्लायंटसाठी पन्नास राखून ठेवावीत, जेवताना एकही देऊ नये. मात्र काही घरांच्या वह्या तपासल्यास पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंतचे तास आधीच उचल म्हणून घेतलेले आढळतील.

संध्याकाळच्या प्रकरणाला वेळ द्यावा लागेल. न्यू जर्सीतला क्लायंट सकाळी नऊला अंघोळ करून ताजातवाना बसतो, तेव्हा तिकडचा उन्हाळा असेल तर आपल्याकडे साडेसहा वाजलेले असतात. ही वेळ आपल्या आज्यांना पक्की ठाऊक होती. दिवेलागणीला मुले विनाकारण किरकिरतात, म्हणून त्या दृष्ट काढत, मांडीवर घेऊन परवचा म्हणवून घेत. दोन खंडांच्या वेळांचा मेळ घालणाऱ्यांनी परवच्याचा विचार केलेला नाही. तेव्हा या कॉलला म्यूटचे बटण हाताशी ठेवावे आणि आपली बोलायची पाळी येण्याआधी मूल नेमके कोठे आहे याची खात्री करून घ्यावी. ते बाथरूममध्ये असेल तर काहीही सबब सांगून पाळी पुढे ढकलावी. कारण सादरीकरण कितीही मुद्देसूद चाललेले असो, 'या तिमाहीत आपण' इथवर येताच आतून, फरशांवर आदळून दुप्पट झालेला खणखणीत आवाज येतो :

'आईऽऽ, झालीऽऽ!'

क्षणभर शांतता. मग, 'खूप झालीऽऽ!'

साहेबाला मराठी येत नाही, हा दिलासा मानू नये. टीममध्ये दोघे साताऱ्याचे असतात आणि एक इंदूरची. साहेब काळजीने विचारतो, काय म्हणतोय मुलगा? साताऱ्याचा एकजण गंभीरपणे सांगतो, 'काम पूर्ण झाल्याचं कळवतोय.' त्याचे मनोमन आभार मानून उठावे. उठतानाच बंद दारामागून नवऱ्याचा मेसेज येतो : 'तो हाक मारतोय बहुतेक.'

कायदा आपल्या पाठीशी आहे, हेही नोंदवून ठेवावे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. रजा संपल्यावर कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालकाशी जमले तर घरून काम करता येईल, असेही त्यात आले. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असेही. (बाबाने किती वेळा जावे, यावर दुरुस्ती मौन पाळते.) घरून काम करणारीने ही तरतूद उलटी वाचावी : मुक्काम पाळणाघरात, लॅपटॉपला दिवसातून चार भेटी.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा विचार ताराबाई मोडकांचा. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी आणि अनुताई वाघांनी तो राबवायला घेतला, त्यातून अंगणवाडी आली. 2020 च्या मार्चमध्ये ऑफिसांनी तोच विचार उचलला आणि ती आपल्या अंगणात येऊन बसली. अंगणाचे भाडे मात्र कोणी दिले नाही. वीज आपली, वायफाय आपले, चहाही आपलाच.

पुरुषांवर अन्याय नको म्हणून एक आकडा. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवताना आढळल्या आणि पुरुष 97. पाच तासांना एक मिनिट कमी पडले आहे. त्या मिनिटाला बहुधा कोणीतरी चहा गरम असताना प्यायला असावा. मुलांना सांभाळणे यात धरलेले नाही, त्याचा रकाना वेगळा. पुरुष वाचकांसाठी या मार्गदर्शनात एकच सूचना आहे : दार उघडे ठेवून कामाला बसावे. पुढचे सगळे मूल शिकवते.

ज्या घरात हे सारे झकास जमल्याचे आपण ऐकतो, त्या घरात बहुतेक वेळा एक आजी असते. ती सकाळी नऊला रुजू होते, तिचे गुडघे दुखत असतात, तिचे भजनी मंडळ केव्हाच सुटलेले असते, आणि तिच्याबद्दल 'आईंचा वेळ छान जातो हो' असे म्हटले जाते. आजी नसेल तेथे मावशी असतात. आपले मूल त्यांच्या कडेवर देताना, त्यांचे धाकटे कोणाच्या कडेवर आहे हे एकदा विचारून पाहावे. कधी शेजारीण असते, कधी जेमतेम आठ वर्षांची थोरली बहीण. मावशींचा खाडा झाला की आपली मीटिंग पुढे ढकलता येते. थोरलीचा खाडा शाळेच्या हजेरीपटावर लागतो. असे असेल तर मावशींच्या पगाराचा आकडा लिहून नवऱ्याच्या दाराखालून आत सरकवावा आणि म्हणावे, 'घे.'

राहता राहिली एक सूचना. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे जातात. सोमवारपासून साडेसहाचा कॉल साडेसातला येतो, म्हणजे बरोबर वरणभाताच्या वेळी. मुलाचे घड्याळ कोणी मागे घेत नाही. वरील सर्व मार्गदर्शन त्या रविवारपर्यंतच लागू आहे.