मौजे मरोळ येथील बसलेला शॉकप

मराठीत 'बसणे' या क्रियापदाइतके उद्योगी क्रियापद दुसरे क्वचितच असेल. घसा बसतो, धंदा बसतो, दातखीळ बसते, भाद्रपदात गणपती बसतात, आणि उताऱ्याच्या नकलेसाठी आलेला अर्जदार कचेरीच्या बाकावर तासन्‌तास बसतो, हे सर्व प्रकार महसूल खात्यात 34 वर्षे दप्तर सांभाळल्यामुळे मला ठाऊक होते. परंतु शॉकप नावाची वस्तूही बसते, व ती बसली असता तिच्यावर बसणाऱ्याची अब्रूही तिच्याबरोबर खाली येते, हे ज्ञान मला निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, मुंबईतील मरोळच्या मिलिटरी रोडलगतच्या एका गॅरेजात, चार परक्या इसमांच्या समक्ष प्राप्त झाले.

वाहन मजकूर माझ्या भाच्याचे. उच्च शिक्षणार्थ जर्मनीस प्रयाण करताना त्याने त्याची किल्ली माझ्या हवाली केली आणि "मामा, आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा, नाहीतर बॅटरी मरेल," असा हुकूम सोडला. ही डर्ट बाईक, म्हणजे चिखलासाठीच निर्माण झालेली, कृश कमरेची, उंच पायांची आणि पाठीमागे दोन शॉकपांऐवजी मधोमध एकच शॉकप बाळगणारी गाडी. दोघांचे काम एकावर सोपवण्याची ही युक्ती लुसियें टिल्केन्स नावाच्या एका बेल्जियन अभियंत्याची. यामाहाने ती उचलली आणि 1973 साली हाकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने तिच्या बळावर 250 सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले. दोघांचे काम एकावर सोपवण्याची प्रथा आमच्या खात्यातही होती. मात्र त्यातून कोणास जगज्जेतेपद मिळाल्याचे दप्तरी नमूद नाही.

दर रविवारी पहाटे मी मरोळ-मरोशी मार्गाने आरे वसाहतीत जात असे. गुराढोरांसाठी 1949 साली वसवलेल्या या वसाहतीतील आडवाटा पावसाळ्यात अशा काही मुलायम होतात की चिखल, शेण आणि डबके यांच्या सरहद्दी कोणत्याही भूमापकाने मोजून दाखवाव्यात. पहिले तीन महिने गाडीने आणि मी परस्परांस निभावून नेले. चौथ्या महिन्यात मात्र गतिरोधक ओलांडल्यावर गाडीचा मागील भाग एकदा उसळून शांत होण्याऐवजी आणखी दोनदा उसळू लागला; खड्ड्यात चाक गेले की बुडाखालून 'ठक्' असा, एखाद्या संतप्त न्यायाधीशाने हातोडा आपटावा तसा आवाज येऊ लागला; आणि सोसायटीच्या फाटकाशी गाडी वळवताना तिच्या पोटातून निघणारी 'कुईं' ऐकून तळमजल्यावरील मांजर प्रत्येक वेळी उत्तर देऊ लागले.

प्रथम मी रीतसर मार्गाने गेलो. एका अधिकृत म्हणवणाऱ्या सेवाकेंद्रात पांढऱ्या सदऱ्यातील तरुणाने गाडीकडे न पाहता, संगणकाकडे पाहून सांगितले की शॉकप उघडत नाहीत, आख्खा बदलतात. आणि जी रक्कम त्याने उच्चारली, तीत आमच्या घरचा तीन महिन्यांचा किराणा सहज आला असता. जुने टाकून नवे घेण्याची चाल मरोळला अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. तेथील सीप्झ या उद्योगक्षेत्राच्या कुंपणात 1579 सालच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. 1840 च्या सुमारास साथ आली म्हणून गावकऱ्यांनी ते सोडले आणि मरोळात नवे बांधले. पण त्यांच्यापाशी महामारीचे सबळ कारण होते, माझ्यापाशी फक्त 'ठक्' होते.

मिलिटरी रोडलगतचे मिस्त्री मूळचे संगमेश्वरकडचे. वय माझ्या निम्मे, बोलणे त्याहूनही निम्मे. त्यांनी आसनावर दोन्ही तळवे टेकून गाडी दाबली आणि सोडली. ती टुणकन वर आली. "स्प्रिंग जिवंत आहे, तेल मेलंय," ते म्हणाले. मग त्यांनी ज्या क्रमाने तपास चालवला, तो पाहून माझ्यातील जुना कारकून सद्गदित झाला; कारण आरोपी समोर उभा असताना त्यांनी आधी साऱ्या शेजाऱ्यांच्या जबान्या घेतल्या. टायरमधील हवा पाहिली, साखळीचा ताण पाहिला, चाक हवेत धरून त्यास पेलणारा चिमटा आडवा हलवून पाहिला, आणि 'कुईं'चा उगम शॉकपात नसून त्यास चिमट्याशी जोडणाऱ्या लिंकेजच्या बेअरिंगात असल्याचे सिद्ध केले, जिथे ग्रीसच्या जागी आरे वसाहतीची माती स्थायिक झाली होती. शॉकपावर एका आरोपाची तरी खोटी फिर्याद होती.

यानंतर त्यांनी विचारले, "काका, वजन किती?"

गॅरेजात त्या वेळी दोन रिक्षावाले, एक चहावाला आणि स्कूटीच्या प्रतीक्षेतील एक प्राध्यापिका असा समाज हजर होता. मी निमिषमात्र विचार करून "अठ्ठ्याहत्तर" असे उत्तर दिले. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी चाक उचलून मागच्या आसापासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंत टेप लावला: 580 मिलिमीटर. गाडी नुसती जमिनीवर उभी केली: 562. मग मला वर बसवले, चहावाल्यास हँडल धरावयास सांगितले आणि पुन्हा टेप लावला: 492.

"एकशे सत्तरच्या चालीपैकी अठ्ठ्याऐंशी तुम्ही नुसते बसूनच खाल्ले," मिस्त्री म्हणाले. "तिसरा हिस्सा खायचा असतो. पंचावन्न-साठ. उरलेली चाल खड्ड्यासाठी."

या हिशेबातील न्याय मला तत्काळ पटला. शॉकपाची चाल, म्हणजे चाकास वरखाली होण्याची मुभा, ही एक प्रकारची वार्षिक तरतूद. तिच्यातील निम्मी रक्कम आस्थापनेवरच खर्ची पडली तर आपत्ती आल्यावर खजिन्यात 'ठक्' याखेरीज काय शिल्लक राहणार? तरीही, वरच्या मजल्यावरील एका अनुभवी शेजाऱ्यांचा सल्ला स्मरून, स्प्रिंगवरील रिंग आवळून भागेल काय, अशी तडजोडीची सूचना मी मांडली. मिस्त्रींनी वाद न घालता हूक पान्याने ती आवळून दाखवली. मी बसल्यावर माप 88 वरून 72 वर आले आणि मी विजयी मुद्रेने खाली उतरलो. तोच गाडी अशी ताठ उभी राहिली की स्वतःच्या भाराने ती जेमतेम 2 मिलिमीटर दबली. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, नुसती उंच होते. नरम स्प्रिंग अशी टाचेवर उभी केली की गाडी वर येऊन आदळते, ही गोष्ट त्यांनी मला दोन वाक्यांत समजावली. भाचा 58 किलोचा. स्प्रिंग त्याच्या मापाची.

"आता खरं वजन सांगा," ते म्हणाले, "त्यावर स्प्रिंग आणायची आहे."

शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर, एका निकामी पंख्याच्या नंतर आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याच्या आधी, माझा नंबर लागला. काटा 93 वर थांबला. प्राध्यापिकाबाईंनी सभ्यपणे मेट्रोच्या खांबांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी शॉकप उघडला गेला. त्याच्या चकचकीत रॉडवर नखाने जाणवेल असा एक ओरखडा होता. चिखलाचा कोरडा कण सीलच्या ओठात अडकून त्याने तो काढला होता, आणि त्याच वाटेने तेल झिरपत होते. स्प्रिंगचा स्वभाव मुळात सूड घेण्याचा. जितकी दाबाल तितकी उलटेल. तिला संयम शिकवते ते तेल, जे पिस्टनच्या बारीक छिद्रांतून आणि त्यांवरील पातळ चकत्यांना वाकवून रेटले जाते व धक्क्याचे रूपांतर उष्णतेत करते. पण तेलात हवा मिसळून फेस झाला की हा संयम सुटतो. म्हणून तेलावर दाबाखालील नायट्रोजनचा पहारा ठेवतात, आणि ही व्यवस्था 1953 साली द कार्बाँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांनी सिद्ध केली. मिस्त्रींनी आधी झडपेतून उरलासुरला वायू सोडला (हे न करता झाकण खोलणारा थेट इस्पितळात जातो, असे ते म्हणाले), आणि मग जे तेल भांड्यात ओतले, ते तेल म्हणावे की उकळून उकळून काळा झालेला कचेरीचा चहा, याविषयी माझे मत अद्याप राखून ठेवलेले आहे.

काटकसरीच्या जन्मजात सवयीने मी म्हणालो, "पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरून मिळतो की."

"तो टायरचा. तीस पौंड. इथे दीडशे लागतो."

"हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, फुकट."

"बाकीचे बावीस टक्केच घोटाळा करतात, काका."

इतके संपूर्ण आणि सर्व खात्यांस लागू पडणारे विधान मी उभ्या हयातीत ऐकले नव्हते. ओरखडा घासून, रॉड साकीनाक्याच्या लेथवाल्याकडून तपासून, नवे सील, नवे तेल, साकीनाक्यालाच भरून आणलेला वायू आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हुडकून आणलेली जाड तारेची स्प्रिंग, असा तो शॉकप चौथ्या दिवशी गाडीत पुन्हा रुजू झाला. मी बसलो, माप 57 भरले. मिस्त्रींनी तळवे टेकून गाडी दाबली, सोडली. ती एखाद्या घरंदाज गृहस्थाप्रमाणे सावकाश वर आली आणि तेथेच थांबली. आरेच्या वाटेवर 'ठक्' पुन्हा ऐकू आले नाही. मांजराने दोन-तीन रविवार फाटकाशी वाट पाहून नाद सोडला.

एकच चूक झाली. गाडी आणण्याच्या दिवशी मी सौभाग्यवतींस सोबत नेले होते, आणि मिस्त्रींनी तिला सर्व मापन सप्रयोग समजावून दिले. तिला शिवणकामाचा 40 वर्षांचा सराव असल्याने टेप तिच्या हाताशी असतोच. तेव्हापासून दर रविवारी, स्वारी निघण्यापूर्वी, सोसायटीच्या पहारेकऱ्यास हँडल धरावयास लावून माझे माप घेतले जाते व स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर, दूध आणि गॅस यांच्या नोंदींखाली, टिपले जाते. गेल्या रविवारी ते 59 भरले. आदल्या दिवशी संकष्टी होती आणि उपास असल्यामुळे मी साबुदाणा वड्यांखेरीज कशासही शिवलो नव्हतो, हे मी निदर्शनास आणले. शिवाय टायरात हवा कमी असावी, असाही मुद्दा मी उपस्थित केला.

"माप आसापासून घेतलंय," ती टेप गुंडाळत म्हणाली. "टायरचा काय संबंध?"